ताडपत्रीखालचं वाण

गाडीचं इंजिन मी जाळलं, आणि ज्यांनी ती गाडी मला दिली त्यांच्यावरच दोष ढकलला.

सासरे देहूरोडला नोकरी करून निवृत्त झालेले. नजर कमी झाली तसं त्यांनी गाडी चालवणं सोडलं. त्या वर्षी धोंड्याच्या महिन्यात आम्हाला जेवायला बोलावलं, तेव्हा तेहतीस अनारशांच्या ताटात गाडीची किल्ली होती. जावयाला वाण म्हणून नुसते अनारसेही चालले असते. "चौदा वर्षं सांभाळलीय, जावईबापू," ते म्हणाले. "पाणी आणि ऑइल तेवढं बघत जा. बाकी ती काही मागत नाही."

पाणी मी बघितलं नाही. एका सकाळी चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो असताना इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. गाडी बाजूला घ्यायला जागा होती. पण पहिली शिफ्ट लागायला दहा मिनिटं उरली होती आणि त्या महिन्यात मला एकही लेट मार्क लागलेला नव्हता. मी तशीच दामटली. महाळुंग्याला कंपनीच्या गेटजवळ ती धूर सोडून बंद पडली. मी आत जाऊन वेळेवर हजेरी लावली.

"लाल काट्यावर कशाला हाणलीत साहेब?" मेकॅनिकने बॉनेट उघडताच विचारलं. "आता पूर्ण इंजिन खोलावं लागंल."

त्या संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. "बाबा, इंजिन आतून आधीच गेलेलं होतं. कधी ना कधी बसणारच होतं," असं मी म्हणालो. ते म्हणाले, "माझ्याच हातून काहीतरी राहिलं असेल."

माझं काम क्वालिटीचं. दिवसभर नापास मालाला लाल चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर खरं कारण लिहायचं. या एका चिठ्ठीवर मी खोटं लिहिलं.

इंजिनाचे पैसे एकदम निघणार नव्हते. ते साठेपर्यंत तळवड्यात आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी उभी केली. चाकांना विटा लावल्या, वर ताडपत्री बांधली. जागेचा मालक गावातलाच. जाता-येता विचारायचा, "काय राव, खुडूक बसलीय व्हय गाडी? पिल्लं कवा काढायची?" मी हसायचो. बाजूला टाकलेले पैसे कधी मुलीच्या फीत जायचे, कधी दवाखान्यात.

मी कंपनीच्या बसने जाऊ लागलो. बस सुटली की सगळे माना टाकून झोपायचे. मी एकटाच जागा असायचो आणि तो चौक आला की दुसरीकडे बघायचो. घरी बायकोने माहेरचा विषय काढणं सोडलं होतं. माहेरच्यांनी नवऱ्याला खराब वस्तू दिली, याची तिला लाज वाटत होती. ती माझ्यासमोर मान खाली घालून वाढायची आणि मी गप्प जेवायचो.

नुसती उभी राहिली तर गाडी आतून गंजते, इंजिन जाम होतं. म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून आत थोडं ऑइल सोडायचं आणि पान्याने इंजिन हाताने फिरवायचं. हे करायला सासरे यायचे, दोन बस बदलून. प्लग चाचपडत काढायचे. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुरचुंड्या ठेवायचे.

"निदान चहा तरी घेऊन जा ना खाली," बायको म्हणायची. मी डोकं दुखतंय म्हणायचो आणि गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीआडून बघत राहायचो. सत्तरीचा माणूस वाकून पाना ओढतोय, थांबतोय, कंबरेवर हात ठेवतोय. असे अकरा महिने गेले.

बाराव्या खेपेला मात्र बायकोने चहाचा कप सरळ माझ्या हातात दिला. मी खाली गेलो. ते पान्यावर जोर देत होते. मला बघून सरळ झाले, हात फडक्याला पुसले.

"फिरतंय अजून," ते म्हणाले. "जाम होऊ दिलं नाही मी." मग जरा घुटमळले. "एक बोलायचं होतं. जावयाला वाण देताना वस्तू पारखून द्यावी. माझ्याकडून चूक झाली. तुम्ही मोठ्या मनाने पुन्हा कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मला रात्री आठवतं. मला माफ करा."

आणि त्यांनी ते ऑइलने काळे झालेले हात माझ्यापुढे जोडले.

चहा मी बंपरवर ठेवला. त्यांचे हात धरून खाली केले.

"बाबा, गाडी चांगली होती," मी म्हणालो. "पाणी मी बघितलं नव्हतं. काटा लाल झालेला दिसत होता, तरी मी थांबलो नाही. कामाला उशीर नको म्हणून. नंतर तुमच्याशी खोटं बोललो, आणि वर्षभर तुम्हाला इथे वाकताना वरून बघत राहिलो. चूक माझी आहे, सगळी. मला माफ करा."