मरायला मुंबईला

फुकट काही मिळालं की ज्याला ताप भरतो, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे मामेसासरे. शेजारून ताटलीभर सांदणं आली, तर परतीच्या ताटलीबरोबर अख्खा फणस जायचा. एकदा सावर्ड्याहून एका अनोळखी माणसाने त्यांना जीपमधून घरी सोडलं, तर मामा कोकमांची बरणी घेऊन त्याचं घर शोधत थेट मंडणगडाला गेले. तो बिचारा घाबरला होता, असं मामी सांगतात.

अशा माणसाच्या पायांवर एका मे महिन्यात आंब्याचा रस आटवायची कढई कलंडली. दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जखमा उघड्या राहिल्या तर जिवावर बेतेल. कुणा मृत व्यक्तीने दान केलेली त्वचा तूर्त वरून लावू, मग सवडीने तुमचीच काढून बसवू. मामांनी विचारलं, "कोणाची?" ते सांगता येत नाही म्हटल्यावर त्यांनी चक्क नकार दिला. "ज्याचं घर ठाऊक नाय, त्याचं घेऊ कसं?" शेवटी मामी म्हणाल्या, "तो वर गेलाय. तुमच्या आंब्यांवाचून त्याचं काय अडलेलं नाय. गप आडवे व्हा." मामा आडवे झाले. तीन आठवड्यांनी ती त्वचा काढली, तेव्हा नर्सला म्हणाले, "टाकू नका हो, कोणाची तरी आहे."

पाय बरे झाले, मामा मात्र बिघडले. त्यांनी त्वचादानाचा फॉर्म भरला आणि मग कळलं, त्वचा मेल्यावर काही तासांतच काढावी लागते आणि ती सोय मुंबईत. झालं! चाकरमानी शेवटचे दिवस काढायला गावी येतात. आमचे मामा साधं पडसं झालं तरी कोकण रेल्वेने मुलीकडे ठाण्याला. रोज अंगाला खोबरेल चोळायचे. "माल डागी होता नये." चार दिवसांनी ठणठणीत होऊन, तोंड पाडून परत यायचे.

शेवटी ते गेले ते इथेच, रत्नागिरीत, दुपारचे जेवून पडवीत लवंडले असताना. साधी शिंकही आली नव्हती. मुंबई गाठणं शक्यच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त रडू त्याचंच आलं. मामींनी मात्र डोळे पुसले आणि गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. ते तासाभरात आले. नेत्रदान आटोपून डबा घेऊन निघाले, तेव्हा मामी दारापर्यंत गेल्या.

"ज्यांना लावाल, त्यांना ह्यांचं नाव सांगू नका हां," म्हणाल्या, "नि ह्यांच्यासारखा घोरही लावून घेऊ नका म्हणावं. नुसतं बघा."