सगळ्यांनी मिळून घेतलेला साग

सापगावला रस्त्याच्या कडेला माझं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढे दोन लाकडी घोड्यांवर टाकलेली जाड फळी आणि मागे भिंतीला टेकवलेलं लाकूड. वडील गेल्यावर मी ते चालवायला घेतलं तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं होतं की ही थोडे दिवस हौस करील आणि मग जागा भाड्यानं देईल. मी जागा भाड्यानं दिली नाही. माझा नवरा आटगावच्या बाजूला एका गोदामात गाडी चालवतो. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या हाताखाली असतो, आणि हे तो चारचौघांत मोठ्यानं सांगतो.

रंधा धरायला वडिलांनीच शिकवलं. मी एकुलती एक. शाळेतून आले की त्यांच्या समोर बसायचे. ते एक फळी माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "हिला विचार, कुठून सोलायची ते." उलट्या रेषेवर रंधा गेला की लाकूड उचकटायचं आणि ते नुसते हसायचे.

इतकं शिकूनही कितीतरी वर्षं माझ्याकडे यायचे ते पाट, चौरंग, देव्हारे आणि फार तर एखादं कपाट. दाराचं काम कुणी देत नसे. पुढचं दार म्हणजे घराचं तोंड. ते बाईच्या हातचं नको असं तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण लोक माझ्या दुकानावरून पुढे शहापुरात जायचे, एवढं मला दिसत होतं. मग किन्हवलीच्या एका शाळेतल्या बाई, ज्यांचा देव्हारा मी केला होता, नवीन घर बांधायला निघाल्या. त्या दुकानात आल्या, देव्हारा कसा छान बसला ते सांगितलं आणि म्हणाल्या, "ताई, घराची चौकट आणि पुढचं दार तुम्हीच करायचं. सागाचं. मला घाई नाही, पण लाकूड एक नंबर पाहिजे."

मी हो म्हटलं. आता लाकूड कुठून आणायचं, हा प्रश्न होता. आमच्यासारख्या लहान दुकानदाराला सुट्टा साग मिळतो तो उरलासुरला. आखूड तुकडे, कडेला पांढरं कच्चं लाकूड, मध्ये गाठ. चांगली झाडं एकदम सगळी विकली जातात आणि आमच्या कानावर येईपर्यंत मोठ्या व्यापाऱ्याचा ट्रक भरून गेलेला असतो.

शिमग्याच्या आधी मुरबाडहून काकांचा फोन आला. काका म्हणजे वडिलांचे जुने जोडीदार. आता त्यांच्या हातून करवत ओढवत नाही, पण रोज शेडमध्ये जाऊन बसल्याशिवाय त्यांना भाकरी गोड लागत नाही. ते म्हणाले, "पोरी, इकडं एका मावशीनं आपल्या मालकीचा साग तोडलाय. परवानगी, पास सगळं झालंय. पन ती म्हनते, घ्याल तर सगळा घ्या. एकट्याच्यानं व्हायचं नाय ते. आपुन सुतार मिळून घेऊ."

"कोण कोण येणार, काका?"

"ज्याला लाकडाची भूक हाय तो येल. तू ये."

मी आणि नवरा मोटरसायकलवर गेलो. भात कापून झालेलं मोकळं शेत, आणि त्याच्या कडेला ओळीनं निजवलेले ओंडके. शहापूरचे, मुरबाडचे, आतल्या पाड्यांवरचे सुतार एकेक करत येत होते. गंमत अशी, की आल्यावर कुणी कुणाला रामराम आधी केला नाही. प्रत्येक जण सरळ ओंडक्याकडे गेला. कुणी कापल्या तोंडावर तळहात फिरवला, कुणी वाकून वास घेतला, कुणी एका टोकाला ठोकून दुसऱ्या टोकाला कान लावला. मग माणसं एकमेकांकडे वळली. मी त्यांच्यात उभी होते आणि मला वाटलं, हे सगळे माझ्याच घरचे आहेत.

मावशी एका ओंडक्यावर बसली होती. कासोट्याचं लुगडं, हातात विळा, आणि बोलणं खणखणीत. "ऐका रे," ती म्हणाली, "चांगली चांगली निवडून न्याल आनि वाकडी माज्या दारात टाकाल, तसं चालनार नाय. माज्या सासऱ्यानं सगळ्या झाडांना सारखंच पानी घातलं."

भाव ठरायला वेळ लागला नाही, कारण मावशी रास्त बोलली. खरी कटकट पुढे होती. वाटणी कशी करायची? शहापूरचे एक मिस्त्री आले होते, दारं-चौकटींच्या कामात तालुक्यात नाव असलेले. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, हाताखाली माणसं आहेत. ते म्हणाले, "माजा वाटा सगळ्यांत मोठा. पहिली निवड माजी."

"मग आमाला काय सरपन?" पोळपाट-लाटणी करणारा मुरबाडचा कातारी उसळला.

आवाज चढले. एकानं तर गाडीला किक मारली. काका मधे पडून "अरे थांबा, थांबा" म्हणत होते, पण त्यांचा आवाज आता लहान झालाय. मावशी विळ्यानं जमीन उकरत सगळ्यांकडे बघत होती. मला भीती वाटली की हे असंच मोडणार आणि साग पुन्हा ट्रकमध्ये बसून जाणार.

मी खिशातला खडू काढला. सुताराच्या खिशात खडू असतोच. म्हटलं, "कोणता ओंडका पाहिजे ते कुणी सांगू नका. काय करायचंय ते सांगा, आणि ज्यातून ते होईल त्या ओंडक्यावर ते लिहा."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला दार करायचं, तर 'दार' लिहा. यांना लाटणं करायचं, तर 'लाटणं'. बघू या तरी, किती ठिकाणी भांडण होतं."

आधी कातारी पुढे झाला. त्यानं आखूड, जाडजूड तुकड्यांवर लिहिलं. खाटा करणाऱ्यानं मधल्या जाडीचे घेतले. सगळ्यांत वाकडा ओंडका, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्याच्याभोवती पाड्यावरचा एक सुतार दोनदा फिरला आणि म्हणाला, "या बाकातून खुर्चीचे हात मस्त निघतील. जोडायला नको." त्यानं लिहिलं 'खुर्ची' आणि त्यावर बूड टेकून बसला, कुणी घेऊ नये म्हणून. सगळे हसले. ज्यानं गाडीला किक मारली होती, त्यानं ती बंद केली.

शेवटी भांडण राहिलं फक्त एका ओंडक्याचं. तो सगळ्यांत लांब होता आणि काठीसारखा सरळ. त्यावर दोनदा 'दार' लिहिलेलं होतं. एक मिस्त्रींचं, एक माझं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्याकडं दाराचं काम कवा आलं गो? पाट-चौरंग करतेस ना तू?"

"आता आलंय."

"पहिलंच?"

"पहिलं तुमचंही कधीतरी असेल ना, मिस्त्री."

काकांनी पावलांनी ओंडका मापला आणि म्हणाले, "लांबी भरपूर हाय. मधून कापा. दोन दारं निघतील. एकाला बुंधा, एकाला शेंडा." बुंधा जाड, म्हणून मिस्त्रींनी बुंधा मागितला. शेंड्यात माझी चौकट आणि दार नेमकं बसत होतं. मी हो म्हटलं.

सगळा माल मुरबाडच्या सॉमिलवर गेला. आम्हीही गेलो. आपलं लाकूड उघडताना सुतार लांब राहू शकत नाही. पहिला शेंडा लागला पात्याला. वरची फळी बाजूला पडली आणि आत मधाच्या रंगाचा गाभा, त्यात काळसर रेषा, सरळ, वरपासून खालपर्यंत. तेलकट, तिखट वास पसरला. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "हसतेस काय एकटीच?" मी हसत होते, मला कळलंच नव्हतं.

मग बुंधा लागला. पातं अर्ध्यात गेलं आणि आवाज बदलला. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. ओंडका उघडला तर आतून माती सांडली. तळाशी मातीनं बुजलेल्या बोटभर भोकातून वाळवी वर चढली होती आणि मध्ये वीतभर रुंद पोकळी झाली होती. बाहेरून ठोकून सगळ्यांनी पाहिला होता, एकालाही कळलं नव्हतं. कडेच्या दोनतीन फळ्या सोडल्या तर त्यात काही राहिलं नव्हतं.

मिस्त्री खाली बसले. कुणी हसलं नाही. बुंधा मी घेतला असता तर, हा विचार माझ्या मनात आला.

"पहिली निवड माजी म्हनत होतो," ते म्हणाले. "घेतली."

काका काठी टेकत पुढे आले. "झाड सगळ्यांनी मिळून घेतलं ना? मग पोकळी पन सगळ्यांची." एवढं बोलून त्यांनी आपल्या वाट्यातली एक फळी काढून मिस्त्रींच्या पुढे ठेवली. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. खाटवाल्यानं एक दिली. खुर्चीवाल्यानं दिली. कातारी पुटपुटत गेला आणि त्याच्याकडची एकच लांब फळी घेऊन आला. पाड्यावरच्या आणखी एकानं दिली. मीही दिली. पाहता पाहता दाराला पुरतील एवढ्या फळ्या झाल्या.

पण मिस्त्री उठेनात. "तुमचे उपकार हायेत. पन बघा ना, एक पिवळी, एक तांबूस, एक काळी. सहा झाडांचं दार. गिऱ्हाईक म्हनल, गोधडी शिवलीस काय?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. झाडागणिक सागाचा रंग वेगळा, रेषा वेगळी. मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या आणि एक बादली पाणी."

वडील फळ्या जुळवायचे तेव्हा ओलं फडकं फिरवायचे. पाणी लागलं की कोरं लाकूड पॉलिश केल्यावर कसं दिसेल ते क्षणभर दाखवतं. मी सगळ्या फळ्या अंगणात उन्हात मांडल्या. फडकं फिरवलं, पाहिलं, एक उलटी केली, एकीचं डोकं खाली केलं. वाळली की पुन्हा फडकं. काळसर रेषांच्या फळ्या दोन्ही कडांना नेल्या, तांबूस त्यांच्या आत, पिवळी अगदी मध्ये. मग बिनसलं. एका फळीची रेषा डावीकडे झुकत होती आणि शेजारची उजवीकडे. त्या दोघींची जागा बदलली तेव्हा रेषा मध्यावर येऊन मिळाल्या, दोन्ही तळहात जोडल्यासारख्या. सॉमिलचं पातं थांबलं होतं. कोणी थांबवलं मला माहीत नाही. मी शेवटचं फडकं फिरवलं आणि बाजूला झाले.

अंगणात एक दार पडलं होतं. ते सहा झाडांचं होतं, हे आमच्याशिवाय कुणाला सांगता आलं नसतं.

मिस्त्रींनी वाकून सांध्यांवर बोट फिरवलं. "बाई," ते म्हणाले, आणि हे 'बाई' आधीच्या 'गो'सारखं नव्हतं, "हे दार मी एकट्यानं केलं असं मी कुनाला सांगनार नाय." माझ्या नवऱ्यानं तिकडे तोंड फिरवून नाक पुसलं. भुसा गेला म्हणाला.

माझा वाटा मी दुकानात आणून सावलीत रचला, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळता राहील असा. पावसाळाभर त्याला हात लावला नाही. नवरात्राच्या सुमारास चौकट करायला घेतली. एकेक सांधा असा बसवला की खिळा लागू नये. दिवाळीनंतर किन्हवलीला चौकट उभी करायचा मुहूर्त निघाला आणि मी नको म्हणत असताना शाळेतल्या बाईंनी आमच्या सगळ्या खरेदीवाल्या सुतारांना बोलावलं.

आमच्याकडे चौकटीची पूजा झाली की सुताराला मान देतात. नारळ, टॉवेल आणि टोपी. बाईंच्या सासऱ्यांनी ताट उचललं, माझ्यापुढे आले आणि अडखळले. ताटात टॉवेल होता, टोपी होती. सुतार म्हटल्यावर त्यांनी नेहमीसारखं आणलं होतं. घरातून कुणीतरी म्हणालं, "अगो, खण आना. बाईमानसाला टोपी काय देता?"

खण आणायला एक मुलगी आत पळाली. मी म्हटलं, "खण द्या, आवडेल मला. पण तो घ्यायला मी पुन्हा कधी येईन. आज टोपी द्या. तो सुताराचा मान आहे."

सासऱ्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं, जणू पुरुषाला विचारावं म्हणून. मिस्त्री म्हणाले, "द्या ना. काम तिचंय."

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्यावर ती पांढरी टोपी घातली. ती जरा मोठी होत होती, कपाळावर आली. कातारी फिदीफिदी हसला, काकांनी त्याच्या पाठीत काठी मारली आणि स्वतःही हसले. मग नारळ फुटला, आणि त्या टोपीसकट मी चौकटीच्या आत पाऊल टाकलं.