पाच मिलिमीटर

अबरार पिंजारी जुन्या नाशकात कथड्याला राहतो. वय चव्वेचाळीस. वडील गाद्या भरायचे. कापसाच्या धुळीने त्यांना दम लागायला लागला तेव्हा त्यांनी पोराला त्या धंद्यात न घालता चौदाव्या वर्षी रहेमानचाचांच्या दुकानात हार्मोनियमचे भाते चिकटवायला बसवलं. पुढे हार्मोनियम यायच्या कमी झाल्या आणि गिटारी यायला लागल्या. रहेमानचाचा त्यांना हात लावत नसत. अबरारने एकेक गिटार उघडली, पुन्हा जोडली, कधी बिघडवली, आणि तसाच शिकला.

आज रविवार कारंजाजवळ दिनेशभाऊंचं वाद्यांचं दुकान आहे, तिथे मागच्या अंगाला त्याचं टेबल आहे. वरच्या मजल्यावर साईसर गिटारचा क्लास घेतात. सरांनी त्याला एकदा ‘उस्ताद’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. सिन्नर, निफाड, मालेगावहून लोक गिटारी घेऊन येतात आणि ‘उस्ताद कुठायत?’ असं विचारतात. हे ऐकायला त्याला आवडायचं, जरा जास्तच.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी निकिता पगारे मनमाडहून आली. वय सव्वीस, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. चादरीत गुंडाळून तिने इलेक्ट्रिक गिटारचे सुटे भाग आणले होते. बॉडी तिने स्वतः कापली होती. मनमाडात एक जुनं घर पाडलं, त्याच्या दाराची सागाची फळी तिने मागून घेतली होती आणि दीड वर्ष रविवारी रविवारी बसून तिला आकार दिला होता. नेक म्हणजे गिटारची मान, पिकअप, खुंट्या, ब्रिज, वायरी हे सगळं एकेक करून मागवलेलं. नेक बसायची खोबण, म्हणजे गाळाही तिनेच कोरला होता. तो इतका नेमका होता, की नेक आत ठेवल्यावर हाताने दाबून बसवावा लागला. अबरारच्या ते लगेच लक्षात आलं होतं.

“दार आहे की गिटार?” एवढंच तो म्हणाला. टेबलाभोवती साईसर, क्लासची तीन-चार मुलं-मुली आणि दिनेशभाऊ उभे होते. सगळे हसले. निकिताही हसली.

तिचं म्हणणं असं होतं की सुतारकाम तिला जमलं, पण ब्रिज बसवणं, वायरिंग आणि शेवटचं सगळं जुळवणं जाणत्या माणसाने करावं. ब्रिजची जागा तिने पेन्सिलीने आखून आणली होती. अबरारने ती रेघ पाहिली आणि अंगठ्याने पुसून टाकली. पेन्सिलीच्या रेघांवर गिटार होत नसते बेटा, असं म्हणाला आणि स्वतःची टेप काढली.

ब्रिजची जागा हा गिटारचा जीव असतो. नेकच्या टोकाला हाडाची एक पट्टी असते, तिला नट म्हणतात. तारा तिच्या खाचांतून निघतात आणि बॉडीवर बसवलेल्या ब्रिजवर टेकतात. या दोन टोकांमधलं अंतर ठरलेलं. ते चुकलं तर मोकळी तार सुरात लागते, पण दाबलेली तार बेसूर बोलते. हे अंतर नटच्या आतल्या कडेपासून मोजायचं, जिथून तार सुटते तिथून. अबरारने शेकडो वेळा ते मोजलं असेल. त्या दिवशी तो साईसरांना पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होता. सांगता सांगता त्याने टेप नटच्या बाहेरच्या कडेला लावली, खूण केली आणि ड्रिल चालवलं. भोकं पाच.

दुपारपर्यंत वायरिंग झालं, तारा चढल्या. तारा सुरात लावून त्याने नेकच्या बाराव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, एकेक तार दाबून पाहिली. तिथे वरच्या सप्तकातला तोच सूर यायला हवा. सगळ्या तारा चढ्या बोलत होत्या. ब्रिजवरचे स्क्रू त्याने मागे घेतले, अगदी शेवटपर्यंत घेतले, तरी चढ्याच. मग त्याने परत टेप लावली. एका नजरेत त्याला कळलं. नटची जाडी पाच मिलिमीटर. ब्रिज तेवढाच पुढे बसला होता.

त्याने मान वर केली. निकिता समोर स्टुलावर बसली होती. साईसर शेजारी उभे होते, मुलं बघत होती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, असं त्याने नंतर बायकोला सांगितलं. त्या वेळी दोन शब्द पुरले असते. माझं चुकलं. भोकं बुजवता येतात, नवी पाडता येतात, तासाभराचं काम.

तो म्हणाला, “बेटा, तुझा गाळा खोल गेलाय. नेक आत सरकलाय. आता यात सूर बसणार नाही.”

निकिताने गिटार हातात घेतली, गाळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. अबरार बोलतच राहिला. जुन्या दाराचं लाकूड, आतून पोकळ असतं, आकसतं, असल्या फंदात पडू नये, तयार गिटार घ्यावी. साईसरांनी मान डोलावली. एकदा सुरू केल्यावर थांबायचं कसं हे त्याला कळेना.

“सॉरी काका,” निकिता म्हणाली. “माझ्यामुळे तुमचा अख्खा दिवस गेला.”

तिने गिटार परत त्याच चादरीत गुंडाळली आणि मनमाडच्या गाडीला निघून गेली.

त्या दिवसापासून अबरारला ‘सॉरी काका’ हे दोन शब्द कुठेही ऐकू यायला लागले. जेवताना, नमाजाआधी वजू करताना, दुसऱ्याच्या गिटारच्या तारा चढवताना. प्रत्येक नट तो चार चार वेळा मोजू लागला. गिऱ्हाइकाने उस्ताद म्हटलं की तो टेबलाखाली काही तरी शोधायला वाकायचा. फोन करावा असं रोज मनात यायचं. पावतीपुस्तकात नंबर होता, पत्ता होता. पण काय बोलायचं? चूक सांगितली असती. आपण खोटं बोललो हे कसं सांगायचं? त्या मुलीने दीड वर्ष घालून केलेलं बरोबर काम त्याने चारचौघांत चुकीचं ठरवलं होतं.

खोटं तिथेच राहिलं असतं तर कदाचित तोही गप्प राहिला असता. पण जानेवारीत एक दिवस तो वरच्या मजल्यावर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायला गेला, तर साईसर मुलांना सांगत होते की हौस म्हणून स्वतः गिटार बनवायला जाऊ नका, मनमाडच्या एका मुलीने दाराची गिटार केली, आपल्या उस्तादांनी पाहताक्षणी चूक पकडली. मुलं हसली. सरांनी अबरारकडे कौतुकाने पाहिलं. अबरार अ‍ॅम्प्लिफायर तसाच उघडा टाकून खाली आला. दिनेशभाऊंना डोकं दुखतं म्हणाला आणि घरी गेला.

घरी त्याची बायको ताहेरा शिलाई मशीनवर होती. महिनाभर नवऱ्याचं काही तरी बिनसलंय हे तिने ओळखलं होतं, विचारलं मात्र नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. ती ऐकताना मशीन थांबवून बसली. मग तिने एकच विचारलं.

“ती पोरगी आता काय वाजवते?”

महिनाभर तो जळत होता ते स्वतःसाठी, आपण असे कसे वागलो यासाठी. त्या मुलीकडे आज गिटार आहे की नाही हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. याची त्याला आणखी लाज वाटली.

रविवारी तो नाशिकरोडहून गाडीत बसला. पिशवीत ड्रिल, भोकं बुजवायला सागाच्या खुंट्या, नव्या तारा आणि स्टीलची मोजपट्टी घेतली होती. मनमाडला उतरून गुरुद्वाऱ्याच्या अलीकडची गल्ली विचारत विचारत घर शोधलं. दार निकिताच्या आईने उघडलं. कुसाबाई. त्याने नाव सांगितलं तशी त्यांनी आत खुर्ची पुसून दिली.

“नाशिकचे उस्ताद ना? आमची निकी लय नाव काढती तुमचं. बसा, ती दळण घेऊन येतीच हाय.”

त्यांनी चहा ठेवला. निकिताने घरी काही सांगितलेलं नव्हतं. गिटार नाशिकच्या उस्तादांनी जोडून दिली, एवढंच त्यांना माहीत होतं. कौतुकाने त्या सांगत होत्या की पोरीने वडिलांच्या मागे आयटीआय केलं, नोकरी मिळवली, हात तिचा बापासारखाच सुबक हाय. अबरार चहा बशीत ओतून नुसता बघत बसला.

निकिता आली. त्याला पाहून दारातच थांबली, मग दळणाचा डबा खाली ठेवला. आई स्वयंपाकघरात गेली तसा तो उभा राहिला आणि एका दमात बोलला. गाळा बरोबर होता, चूक माझी होती, मला तिथेच कळलं होतं, तरी मी तुझ्यावर ढकललं.

“माहितीये मला,” निकिता म्हणाली.

“कधीपासून?”

“त्याच रात्री. मी फिटर आहे काका. घरी आल्यावर मोजणारच ना. नेक बसवल्यावर तुम्ही नटपासून ब्रिजचं अंतर मोजलं होतं. मग गाळा कितीही खोल असला तरी काय फरक पडणार होता?”

तिने आतून गिटार आणली. पुढच्याच रविवारी तिने ब्रिज काढला होता, पाचही भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून घासून घेतल्या होत्या आणि पाच मिलिमीटर मागे नवी भोकं पाडली होती. जुन्या जागा ब्रिजच्या पत्र्याखाली गेल्या होत्या, बाहेरून काही दिसत नव्हतं. तिने गिटार त्याच्या हातात दिली. त्याने बाराव्या पट्टीवर एकेक तार दाबली. सहाही तारा नेमक्या बोलल्या. पिशवीतलं काही बाहेर काढायची गरजच नव्हती. तारा मी नव्या टाकून देतो, निदान तेवढं तरी, असं तो म्हणाला. तिने नको म्हटलं. तारा चांगल्या आहेत.

मग त्याने विचारलं की तिने फोन का नाही केला, भांडायला तरी.

निकिताने गिटार परत आपल्या मांडीवर घेतली. “आधी मला वाटलं, तुम्हाला खरंच कळलं नसेल. मग आठवलं, तुम्ही दुसऱ्यांदा टेप लावलीत आणि माझ्याकडे बघितलंत. त्यानंतर बोललात.” ती गिटारच्या कडेवरून हात फिरवत होती. “परवा कारखान्यात एक जण मला म्हणाला, तुझ्या दाराच्या गिटारची गोष्ट ऐकली. त्याचा भाऊ साईसरांच्या क्लासला येतो. मला सांगायला इतक्या लांब आलात ते ठीक आहे काका. पण मला सगळं माहीत होतं. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना माहीत नाही.”

अबरारने मान हलवली. कुसाबाई जेवून जा म्हणाल्या, पण तो थांबला नाही. निघताना त्यांनी त्याच्या पिशवीत घरच्या कुरडया टाकल्या.

सांगायचं ठरवलं होतं तरी तीन शनिवार गेले. एकदा सर आले नाहीत. एकदा दुकानात गर्दी होती. तिसऱ्यांदा सगळे होते आणि तरी तो बोलला नाही, त्याचं कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नाही. चौथ्या शनिवारी क्लास सुटल्यावर सगळे खाली उतरले, तेव्हा तो टेबलामागून उठून मधोमध आला. मनमाडच्या मुलीची गिटार बरोबर होती, असं म्हणाला. ब्रिज मी चुकीचा बसवला. ते मला तेव्हाच समजलं होतं आणि मी खोटं बोललो.

दुकानात एक गिऱ्हाईकही होतं, माउथ ऑर्गन बघत. तेही थांबलं.

साईसर हसले, सवयीने हसतात तसे. “अहो उस्ताद, होतं असं कधी कधी. कामात चुका होणारच.”

“चुकीबद्दल नाही बोलत सर मी,” अबरार म्हणाला. “खोटं बोललो म्हणतोय. आणि तुम्ही वर पोरांना सांगताय ती गोष्ट माझ्यामुळे सांगताय.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत ठेवला. दोन मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांनी ती मुलगी पाहिलीही नव्हती, कारण ती दोघं क्लासला नंतर आली होती. वैष्णवी म्हणून एक बँकेत काम करणारी मुलगी मात्र त्या दिवशी तिथे होती. तिने विचारलं की मग आता ती गिटार वाजते का.

“वाजते. तिने स्वतः नीट केली. माझ्याहून चांगली.”

सगळे एकेक करून चपला घालून निघून गेले. दिनेशभाऊ शटर ओढायच्या आधी म्हणाले की सांगायचं होतं तर सरांना बाजूला घेऊन सांगायचं, गिऱ्हाइकासमोर दुकानाचं नाव कशाला. अबरारने हो म्हटलं. त्यांचंही खरं होतं.

साईसर आता पूर्वीसारखी कामं पाठवत नाहीत. भेटले की बोलतात, नीट बोलतात, पण उस्ताद म्हणत नाहीत. अबरार म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा त्याला वाटलं होतं तेवढं हलकं वाटलं नाही. बोचलंच.

त्या चौथ्या शनिवारी संध्याकाळीच त्याने निकिताला मेसेज केला होता, सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘ठीक आहे काका.’ त्याने ते ताहेराला दाखवलं आणि विचारलं की यात तिने माफ केलंय असं वाटतं का. ताहेरा म्हणाली, तिलाच विचार.

ते विचारायची हिंमत त्याला अजून झालेली नाही.