करंगळीवर तोललेली खोली

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परीक्षेतल्या निबंधापलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं, त्या हवालदारांचा मी मनापासून तिरस्कार केला.

कडेगावात आमच्या शेजारी राहणारे हे फौजेतले पेन्शनर. कोणतीही वस्तू आधी करंगळीला अडकवून उचलत आणि तोंड वाकडं करत. "जड म्हंजे अडाणी," एवढाच शेरा. सगळं जग बिनडोक वाटणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

त्यांचा मुलगा लढाईत राजस्थानच्या सरहद्दीवर मारला गेला. ती जागा त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, एकदा बघायची होती. पण त्यांचे गुडघे धरलेले. रेल्वेत चढवेना, फार वेळ बसवेना. म्हणून हवालदार जीपमागे ओढायची एक खोली बांधत होते, काकूंना निजून जाता येईल अशी. जीप म्हातारी, म्हणून खोली हलकी.

हलकी म्हणजे किती? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पातळ प्लायवूड, सांध्यांना खिळ्यांऐवजी सरस आणि सुतळी, छताला अळशीचं तेल पाजलेलं मांजरपाट, खाली स्कूटरची चाकं. प्रत्येक फळी गुऱ्हाळातल्या काट्यावर तोलून यायची. जड भरली की तिला भोकं. काकूंचा पितळी तांब्या जाऊन जर्मनचा आला. पळीचा दांडासुद्धा अर्धा कापला.

"आता आमटी वंजळीनं वाढू व्हय?" काकू म्हणाल्या.

मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. भीतभीत वहीत हिशेब मांडून दाखवला: लोखंडी अँगल घातला नाही तर खंबाटकीच्या घाटातच मोडेल. त्यांनी वही करंगळीवर तोलली.

"लय जड हाय रं, इंजनेर."

अंगणातली माणसं हसली. त्या दिवसापासून मी त्या खोलीला खुराडं म्हणू लागलो. काकूंनाही सांगितलं, "काकू, नगा जाऊ. मोडंल ते."

"मोडंना का. हितं पडून तरी मी काय धड हाय?"

निघायच्या दिवशी गाव लोटलं. आमच्याकडे गाडी कधी रिकामी जाऊ देत नाहीत. फौजेतल्या आपापल्या पोरांसाठी कुणी गुळाची ढेप आणली, कुणी शाळूचं पोतं. "आवं, वाटंतच हाय की!" हवालदारांनी एकेक उचलून परत दिलं. माझ्या थोरल्या भावासाठी आईने आणलेली ढेपसुद्धा. आई पदर तोंडाला लावून मागे फिरली. खुराडं मोडावं, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

दोन महिने काहीच कळलं नाही. मग हवालदारांच्या पुतण्याला तिकडच्या एका जवानाचं पत्र आलं. वाचून दाखवायला त्याने ते माझ्याकडेच आणलं. आई उंबऱ्यात ऐकत बसली.

जीप वाळूत कायमची बंद पडली होती. जागा तीन मैल पुढे. हवालदारांनी दोर खांद्यावर घेतला आणि काकूंसकट खोली ओढत नेली. काकूंनी जागा पाहिली. शेवटी जवानाने लिहिलं होतं: "शेजारच्या वैनींना मुद्दाम कळवा म्हणाले. त्यांची ढेप घेतली असती, तर ओढवलं नसतं."