दाढीवालं तान्हं

फिलिस्ता आमच्या कोटातली सुईण. बंदर राखणाऱ्या या तटाआड जन्मलेली निम्मी पोरं तिच्याच हातावर पहिल्यांदा रडली, मीसुद्धा. तिची स्वतःची कूस मात्र उजवली नाही. तोंडानं फटकळ होती, पण मला तिच्याइतकं मायेचं माणूस दुसरं भेटलं नाही.

त्या वर्षी वादळात बोइस्कोस नावाड्याची होडी फुटली. चाळीस दिवस वाट पाहून त्याच्या बायकोनं, निकारेतेनं, रिकामं थडगं बांधून रीतसर दिवसकार्य उरकलं. आणि पंधरा दिवसांनी हा पठ्ठ्या दलदलीतली लव्हाळी तुडवत वेशीशी हजर!

मी पहारेकरी, भाला आडवा धरला. ज्याचं दिवसकार्य झालं, त्यानं पुन्हा जन्म घेतल्याशिवाय कुणाच्या चुलीशी जायचं नाही, हा आमचा रिवाज. कुणा बाईनं त्याला न्हाऊ घालून, बाळुत्यात गुंडाळून छातीला लावायचं, मग ती त्याची आई. त्याची आई केव्हाच गेलेली. बायको आई कशी होणार? लेकुरवाळ्या म्हणाल्या, "मेलेल्याची सावली आमच्या पोरांवर नको गं बाई." तीन दिवस तो बाहेर डासांत तापानं फणफणत पडला. निकारेते तटावरून दोरीनं सातूची भाकरी सोडायची आणि रडायची. मला ते बघवेना.

चौथ्या सकाळी फिलिस्ता घंगाळ घेऊन आली. "सरक रे, दगडोबा."

"मावशी, तुम्ही? पण दूध...?"

"छातीला लावायची रीत आहे, मापानं मोजायची नाही."

वेशीबाहेरच तिनं त्याला न्हाऊ घातलं, जुन्या चादरीत घट्ट गुंडाळलं. तटावर बायका खिदळल्या, "अगं, याचं जावळ तर हनुवटीला आलंय!" बोइस्कोसही हसला. मग तिनं त्याचं डोकं छातीशी घेतलं, आणि तो हमसाहमशी रडू लागला.

"रड, रड," ती म्हणाली. "रडलं की पोर जगतं."

मी भाला बाजूला केला. निकारेते धावत आली, नवऱ्याचा हात धरून त्याला आत घेऊन निघाली. फिलिस्ता घंगाळ उचलून आपल्या वाटेला लागली.

"आई!" बोइस्कोसनं हाक मारली.

ती चालतच राहिली.

"आई, तान्ह्याला टाकून कुठं निघालीस?"

तरी ती वळली नाही. हाक दुसऱ्याच कुणाला असेल, असं तिला वाटलं. शेवटी मीच धावत जाऊन तिच्या खांद्याला हात लावला. "मावशी, तुम्हालाच बोलावतोय तो."