रामलीलेतल्या रामाला न ओढवलेलं धनुष्य

रायपूरला जायचं ठरलं ते दादासाठी. वहिनी गेल्यापासून माझा हा मोठा भाऊ चौबे कॉलनीत एकटाच राहतो, आणि 'नागपूरला चल' म्हटलं की ऐकूनच घेत नाही. म्हटलं, आता जाऊन घेऊनच येते! नागपूरहून सकाळची गाडी पकडली तर दुपारच्या जेवणापर्यंत आरामात पोचता.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढायच्या आतच दादा म्हणाला, "चाल, तुले म्युझियम दाखवतो." मला टाळायची युक्ती, दुसरं काय! नाक्यावर गरम फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, सोबत हिरवी चटणी. रायपूरला गेलात तर अजिबात चुकवू नका. मग ऑटोनं निघालो. म्युझियमचं तिकीट अगदी किरकोळ आहे.

तिथल्या एका दालनात मध्ययुगातल्या धनुर्धारी सैनिकांची ताकद आपल्याला स्वतः अजमावता येते. लोखंडी चौकटीत जाडजूड धनुष्य अडकवलेलं. दोरी कानापर्यंत ओढली की दिवा लागतो. हे लोक लहानपणापासून इतका सराव करायचे, की त्यांच्या खांद्याची हाडंच बदलायची, असं शेजारी लिहिलंय. मी ओढून पाहिलं. दोरी हलेचना बापा!

"हट बाजूले," दादा म्हणाला. "मी राम होतो, राम!"

होताच. रेल्वे कॉलनीच्या रामलीलेत हा आमचा मराठी पोट्टा काय हिंदी संवाद ठोकायचा! स्वयंवरातलं बांबूचं धनुष्य बाबा आदल्या दिवशी करवतीनं अर्धं कापून ठेवायचे. एका वर्षी जरा जास्तच कापलं गेलं, आणि ते रावणाच्याच हातात मोडलं. आता सीता कोणाची, यावरून मांडवभर गोंधळ! ते दिवस आठवले की अजून हसू आवरत नाही.

दादानं दोरी धरली. "थोड़ा और, अंकलजी, थोड़ा और!" दालन सांभाळणाऱ्या दीदी ओरडल्या. दोरी अर्ध्यावर आली, तिथून त्यानं हळूच परत नेली.

बाहेर येऊन तो बाकावर बसला आणि नुसता खांदा चोळत राहिला.

"काहून रे, काय झालं?"

"शोभे, मले आता भरलेली बादलीही उचलवत नाही. तुह्या घरी येऊन मी काय कामाचा? नुसता बसून खाऊ?"

अस्सं होतं होय! मला रडूच आलं. "मले तरी कुठं ओढता आलं? म्हणून मले कोणी घरातून हाकलून राहिलं का?"

तो हसला. "बरं व माय. चार दिवस येतो."

नागपूरला घरी आल्यावर त्यानं बॅग उघडली. वर थोडे कपडे, आणि खाली टॉवेलात गुंडाळलेला, भिंतीवरून काढून आणलेला वहिनीचा फोटो. मी हातोडी आणि खिळा आणून त्याच्या हातात दिला.

"तूच ठोक दादा, मले नाही जमत."

खिळा जरा वाकडा बसला. तसाच राहू दिलाय.