आबांचा न मोडलेला पाय

जखमींच्या वॉर्डात नेमणूक झाल्याचा कागद घेऊन मी आठ दिवसांच्या रजेवर गावी आले. आबांनी तो कागद उलटा धरून बघितला आणि विचारलं, "गडीमानसं असत्यात का तितं?"

असायची. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. जिनिंगच्या यंत्रात सापडलेले हात, बैलगाडीखाली आलेले पाय, सगळं परभणीच्या दवाखान्यातच यायचं. आजवर मी बाळंतिणींची नर्स होते, म्हणून आबांची हरकत नव्हती. आता मात्र त्यांनी मान हलवली. "परक्या गड्याच्या अंगाला हात लावायचं काम माज्या लेकीनं करायचं न्हाई."

मला ते काम मनापासून हवं होतं. पण आबा 'जा' म्हणाले नाहीत तर मी जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा माझा मलाच राग यायचा.

तरी तयारी सोडली नाही. बाळंतिणींमध्ये राहून हाडं बांधायचा सराव झालेला नव्हता. आईचं जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या आणि दिसेल त्याला बांधत सुटले. आईचं मनगट तर दिवसातून तीनदा मोडायचं. "आगं, भाकरी थापू का नगं मी?" ती वैतागायची.

आबा लांबून बघत असायचे. जन्म मेंढरांमागं गेलेला. मेंढीचा मोडका पाय बांधण्यात त्यांच्या तोडीचा माणूस आसपासच्या गावांत नव्हता. चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

"असं बांधलं तर मेंढरू चार पावलांत सोडून टाकील. आन हिकडं."

शिकवायला म्हणून त्यांनी स्वतःचाच पाय पुढे केला. आधी लोकर, तिच्यावर बांबूच्या कामट्या, मग पट्टी. "वरचा सांदा मोकळा सोडू नगस," असं बजावत त्यांनी गुडघ्याच्याही वर बांधायला लावलं. माझ्या सगळ्या पट्ट्या संपल्या आणि आबांचा पाय मुसळासारखा ताठ झाला.

तेवढ्यात शेजारीण विस्तव मागायला आली. तिनं आबांचा पाय बघितला आणि विस्तव न घेताच पळाली.

अर्ध्या तासात अंगण भरलं. आमच्याकडे पडल्या-झडलेल्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. हळद आली, तिळाचं तेल आलं, अंडी आली. आता लेकीला पट्टी शिकवत होतो हे चार लोकांत कोणत्या तोंडानं सांगायचं? आबा कण्हायलाच लागले.

"मेंढ्यानं धडक दिली," ते म्हणाले. येणाऱ्या प्रत्येकागणिक तो मेंढा मोठा होत गेला आणि शेवटी वासराएवढा झाला. मी तोंडात पदर कोंबून चुलीकडं पळाले.

बाहेर आले तर राणीसावरगावकडचा एक अनोळखी शेतकरी गर्दी बघून थांबला होता. गाडीचं जू हातावर पडून त्याचं मनगट टम्म सुजलं होतं. आबांच्या पायाकडं बघत त्यानं विचारलं, "लय झ्याक बांधलाय. कुनी बांधला?"

"माज्या लेकीनं," आबा बोलून गेले.

त्या माणसानं सरळ माझ्यापुढं हात केला. सगळे आबांकडं बघायला लागले, मीही. हातात एक पट्टी उरली नव्हती आणि आत जाऊन दुसरं फडकं आणायला पाय उचलत नव्हता.

आबा पुटपुटत उठून बसले आणि त्यांनी गाठ सोडली. एकेक वेढा उलगडत गेला. कामट्या पडल्या, लोकर पडली आणि त्यांचा धडधाकट पाय सगळ्या गावासमोर उघडा झाला. त्यांचे कान लाल झाले होते. पट्ट्यांचा गोळा त्यांनी माझ्या हातात कोंबला.

"माज्या पायाला काय बी झालं न्हाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मग माझ्यावर खेकसले, "बगायलीस काय? धर की त्येचा हात."